तंबूशास्त्री

ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण हमखास वाट चुकवणारा असतो, एक जण सगळ्यांचे फोटो काढून ते कधीच न पाठवणारा असतो आणि एक जण तंबूशास्त्री असतो. पहिल्या दोघांचा उपद्रव निदान डोंगरावर पोचल्यावर सुरू होतो. तंबूशास्त्री शनिवारच्या ट्रेकसाठी बुधवारीच सुरू झालेला असतो.

ओळखायला सोपा. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी आयटीत किंवा बँकेत, फ्लॅट दोन बेडरूमचा आणि तंबू तीन. एक गाडीतून न्यायचा, एक पाठीवरून न्यायचा आणि एक बर्फातला. बर्फातला तंबू अजून बर्फात गेलेला नाही, कारण हिमालयातल्या ट्रेकला आयोजक आपलेच तंबू लावून ठेवतात. पण तो घरात असलेला बरा, असं शास्त्रीबुवांचं मत आहे.

"एका माणसाला तीन तंबू कशाला रे?" आई विचारते.

"तुझी पातेली किती आहेत, मी कधी मोजली का?"

"पातेली रोज गॅसवर चढतात," आई म्हणते, आणि विषय तंबूंसकट माळ्यावर जातो.

महिन्यातल्या एखाद्या रविवारी हे तिन्ही तंबू सोसायटीच्या गच्चीत हवा खायला येतात. तंबू ओला गुंडाळून ठेवला की आतला पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विरघळल्यासारखा होतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. हे शास्त्रीबुवांना ठाऊक असतं. म्हणून ते आधी पिशवीत नाक खुपसतात. मग कापडाचा कोपरा उलटा करून अंगठा आणि तर्जनी यांत चोळतात आणि डोळे मिटतात. मिठाईवाला पाक एकतारी झाला की दोनतारी हे बघतो, तो चेहरा. चिकटलं नाही की मान डोलते. नवीन वॉचमन मात्र दर वेळी खालून ओरडतो, "साहेब, मांडव कुणाकडचा?"

यांच्याकडे सल्ला मागायला येणाऱ्याला वाटतं, आपण फक्त किंमत विचारतोय. ऑफिसातला एक नवा पोरगा असाच आला. "दादा, पवनेला जायचंय. स्वस्तातला तंबू घेऊ की चांगला?"

"बस," शास्त्रीबुवा म्हणाले. जेवणाची सुट्टी तिथंच संपली. "आधी सांग, डिकी की पाठ?"

"म्हणजे?"

"तंबू वाहणार कोण? गाडीची डिकी की तुझी पाठ?"

"डिकी."

"मग तीन-चार हजारांच्या वर एक रुपया घालू नकोस. साडेतीन किलो भरेल, भरू दे. डिकीला गुडघे नसतात. जण किती?"

"दोघं."

"मग तीन माणसांचा घे. कंपनी ज्यांना दोन माणसं म्हणते ती हडकुळी, बिनसामानाची आणि एकमेकांवर अतोनात प्रेम असलेली असतात. महिना कुठला?"

"जुलै."

शास्त्रीबुवांनी डबा बंद केला. इथून त्यांच्या आवडत्या अध्यायाला सुरुवात होते. तंबूच्या लेबलवर 1500 मिलिमीटर, 3000 मिलिमीटर असे आकडे असतात. ते पावसाचे नसतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत न्यायचा आणि पलीकडून तीन थेंब डोकावले की थांबायचं. ती उंची म्हणजे तो आकडा. पण तंबू गळतो तो बहुधा कापडातून नाहीच, शिवणीतून गळतो. स्वस्त तंबूच्या शिवणीला आतून पट्टी नसली, की सुईचं प्रत्येक भोक हा एक नळ. शिवाय वरचं कव्हर टोपीएवढं आखूड. आपला पाऊस वरून पडला तर ठीक. घाटमाथ्यावर तो बाजूने येतो, आणि कड्यावर वारा वर चढत असला तर खालूनसुद्धा.

"मग महागातला घेऊ?"

"जुलैत कुठलाच घेऊ नकोस. महागड्या तंबूत बाहेरचं पाणी येत नाही, पण चेन लावून घेतलीस की तुझ्याच श्वासाची वाफ छताला लागून सकाळी तुझ्यावर टपटपते. पावसात राजमाचीला जा, उधेवाडीत कुणाच्या तरी ओसरीवर पड. हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर गुहा आहेत. पूर्वजांनी कातळात कोरून ठेवल्यात, शिवण नाही."

पोरगा एवढंच समजून गेला की तंबू या विषयात तंबू घेऊ नको असाही एक प्रकार असतो.

शास्त्रीबुवांचा जन्माचा वैरी म्हणजे चालतंयवाला. तोही प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. याने तंबू सेलमध्ये घेतलेला, रंग भडक, पिशवी पहिल्याच ट्रेकला फाटलेली, म्हणून तंबू तांदळाच्या गोणीत. फायबरग्लासच्या काठीला चीर गेली की वर एमसील. गळायला लागला की वर निळी ताडपत्री. चेन बिघडली की कपड्यांचे चिमटे. "चालतंय की!" आणि खरंच चालतं. डिसेंबरात, कोरड्या हवेत, झाडाच्या आडोशाला चार हजारांच्या तंबूतली झोप आणि चाळीस हजारांच्या तंबूतली झोप यांत फरक असतो तो फक्त घोरण्याचा. हे शास्त्रीबुवांना मनातून कळतं, म्हणूनच ते चिडतात.

त्यांचा पाठीवरचा तंबू चाळीस हजारांचा. वजन 1200 ग्रॅम. चालतंयवाल्याचा चार हजारांचा, तीन किलोचा. म्हणजे छत्तीस हजार जास्त मोजून 1800 ग्रॅम वाचवले. ग्रॅममागे 20 रुपये. हा हिशेब शास्त्रीबुवा स्वतःच अभिमानाने सांगतात. चढ अंगावर आला की चौथ्या तासाला तो प्रत्येक ग्रॅम गुडघ्यात मोजला जातो, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. अडचण वेगळीच आहे. ट्रेकच्या पायथ्याशी एसटीतून उतरलं की सामायिक शिधा वाटला जातो, आणि त्याचा नियम सगळ्या महाराष्ट्रात एकच: ज्याची सॅक हलकी त्याच्याकडे जड वस्तू. लीडर सगळ्यांच्या सॅक उचलून बघतो, शास्त्रीबुवांच्या सॅकपाशी थांबतो आणि म्हणतो, "अरे, तुझ्यात जागा आहे की! कांदे घे."

दोन किलो कांदे. 20 रुपये ग्रॅमने जागा तयार करून तिच्यात कांदा वाहणारा माणूस लासलगावच्या बाजाराने अजून पाहिलेला नाही.

वर पोचल्यावर दुसरा अंक. वजन कमी व्हावं म्हणून या तंबूला स्वतःच्या काठ्याच नाहीत. चालायच्या दोन काठ्या उभ्या करायच्या आणि चारी बाजूंनी दोऱ्या खुंट्यांना ताणायच्या, की तंबू उभा. जिथे खुंटी शिरते तिथे हे फार सुरेख जमतं. सह्याद्रीचा माथा म्हणजे मात्र वर चार बोटं माती आणि खाली कातळ. शास्त्रीबुवा पहिली टायटॅनियमची खुंटी ठोकतात. खुंटी दोन बोटं जाते आणि ठण्ण करते. जागा बदलतात. ठण्ण. गुडघ्यावर बसून, मोबाईलची बॅटरी तोंडात धरून ते पठारभर ठण्ण-ठण्ण करत फिरतात. चालतंयवाल्याचा घुमट तोवर दोन काठ्या आडव्या-उभ्या ओवून आपल्या पायावर उभा असतो, चार कोपऱ्यांत चार धोंडे ठेवलेले असतात, आणि तो आत पडून विचारतो, "कांदे कुठं ठेवलेस?"

अखेर शास्त्रीबुवाही धोंडेच आणतात. प्रत्येक दोरीला एक, असे आठ. चाळीस हजारांचा तंबू फुकटच्या दगडांवर तोलून धरलेला असतो. तरी ते दोरीचा ताण बोटाने टिचकी मारून तपासतात आणि एक धोंडा वीतभर सरकवतात.

पण न्याय म्हणून सांगायला हवं, वर्षातून एखादी रात्र शास्त्रीबुवांची येते. पठारावर वारा सुटतो. अडीचच्या सुमाराला चालतंयवाल्याचा घुमट एका बाजूने नाकावर टेकतो, मग काड् असा आवाज येतो आणि फायबरग्लासची काठी उभी चिरफळून कव्हरातून बाहेर येते. त्यानंतर शेजारचा. मग काळोखातून एकेक जण आपली पथारी काखोटीला मारून येतो आणि शास्त्रीबुवांची चेन वाजवतो. दोन माणसांच्या तंबूत पाच जण गुडघे पोटाशी घेऊन बसतात. तंबू थरथरतो, पण उभा असतो.

आणि मग श्रोते मिळालेले शास्त्रीबुवा बोलू लागतात. चांगल्या मिश्रधातूची ॲल्युमिनियमची काठी वाकते, फायबरग्लास चिरतं. काठ्या एकमेकींना अनेक जागी छेदतात तेव्हा वाऱ्याचा जोर एकीवर न पडता सगळ्यांवर वाटला जातो. ही भूमिती वास्तुकार बकमिन्स्टर फुलरच्या घुमटांची. 1975 मध्ये 'द नॉर्थ फेस' कंपनीने तिच्यावरून तंबू काढला. "याला मात्र काठ्याच दोन," असं कुणीतरी म्हणतं. "म्हणून तर मी बर्फातला आणणार होतो," शास्त्रीबुवा म्हणतात, आणि बर्फातल्या तंबूचं सुरू होतं. बाहेर वारा, आत शास्त्रीबुवा. पहाटे चारला चालतंयवाला बाहेर जाऊन आपल्या पडलेल्या घुमटात, कापड अंगावर ओढून झोपतो. "इथं बरं वाटतंय," एवढंच म्हणतो.

ऑफिसातल्या त्या पोराने शेवटी तंबू घेतलाच नाही. जुलै टाळला आणि नोव्हेंबरात पवनेला गेला. तिथे तळ्याच्या काठावर तंबू आधीच लावलेले असतात. माणशी पैसे भरले की आत गादी, संध्याकाळी शेगडीवर भाजलेलं काहीतरी आणि सकाळी पोहे. त्याने प्रेमाने फोटो पाठवला. मागे तळं, तुंग किल्ला, पुढे तो, त्याची बायको, आणि दोघांमागे निळा तंबू. खाली लिहिलं होतं, "दादा, तुमचा सल्ला ऐकला!"

शास्त्रीबुवांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. तळं सरकून गेलं, तुंग गेला, मग पोराची बायको, मग पोरगा. तंबूचा डावा कोपरा पडद्यावर आला तेव्हा ते थांबले आणि उत्तर टाइप केलं:

"दोऱ्या ढिल्या आहेत. ऊठ, आणि आत्ताच ताणून घे."