ठेव नव्हे, उसनवारी

आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार पाचशे रुपयांचा माल उधारीवर देताना माणूस नीट न्याहाळतो. राहता कुठे, कामाला कुठे, मागची बाकी फिटली का? मगच वहीत नाव चढतं. आणि आपण? फंडाचे, ग्रॅच्युइटीचे, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले दहा-दहा लाख बँकेच्या खिडकीत सरकवतो आणि एकच विचारतो, "व्याज किती?"

घात करतो तो 'ठेव' हा शब्द. ऐकताना वाटतं, आपल्या नोटा आपल्या नावाने तिजोरीत पडून आहेत. तसं नसतं. पैसे भरले त्या क्षणी ते बँकेचे झाले. आपल्या हाती उरला परतफेडीचा शब्द. कुठल्याही सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल उघडा. ताळेबंदात ठेवी कुठे छापलेल्या असतात? 'भांडवल व देणी' या बाजूला. देणी! बँक ऋणको, आपण धनको. तिने वाटलेली कर्जं समोर, 'जिंदगी व येणी'त. ती थकली की आपलं घेणंही लटकलं.

हा धडा जुना आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. १९६२ पासून ठेवींना विमा आला, तेव्हा १,५०० रुपयांपुरता. १९९३ पासून मर्यादा एक लाखावर अडकली होती, ती २०२० मध्ये पाच लाख झाली. मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी बेरीज एकच. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हे कवचच नाही. टक्काभर जादा व्याजासाठी तिथे धावण्याआधी एवढं तरी माहीत हवं.

बंद शटरसमोर पासबुक छातीशी धरून उभी राहिलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही इथे सावकार आहात, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सावकारासारखं विचारा. थकीत कर्जं किती? संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज किती? ऑडिटचा वर्ग कोणता? अहवालात हे सारं छापलेलं असतं. दुकानदार पाचशेसाठी एवढी चौकशी करतो. दहा लाखांसाठी आपण का लाजायचं?