चिकटून चालणारी गाडी

नवी गाडी दारात आली की आधी पेढे वाटले जातात, मग नंबरप्लेट येते आणि महिन्याभरात साक्षात्कार होतो की कंपनीने टायर बारीक दिले आहेत. कंपनीचे इंजिनिअर, चाचणीचे ट्रॅक, पुण्याच्या एआरएआयसारखी वाहने तपासणारी संस्था, एवढ्यांच्या नजरेतून निसटलेली ही चूक सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पकडली जाते. पकडणारा बहुधा शेजारी असतो. त्याच्याकडे त्या मॉडेलची गाडी नसते, म्हणून त्याचे मत निःपक्षपाती धरतात.

उपायही तिथेच ठरतो. अलॉय रिमचा खर्च नको, पत्र्याची डिस्क आहे तीच राहू दे, टायर तेवढे रुंद टाकायचे. टायरवाला तर तयारच असतो. "साहेब, एक साइझ वाढवून टाका, गाडी रोडला चिकटून चालेल बघा!" मग साहेब सुखावतात. गाडी रस्त्याला चिकटावी असे कुणाला वाटत नाही?

उदाहरण स्विफ्टचेच घेऊ. खालच्या मॉडेलला कंपनी १६५/८० आर १४ टायर देते. म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच आणि रिम १४ इंची. दुकानदाराचा हुकमी पत्ता असा, की "वरच्या मॉडेलला कंपनीच १८५ देते की!" देते, अगदी खरे आहे. पण तो टायर १८५/६५ आर १५ आहे. कंपनी रुंदी वाढवते तेव्हा रिमही बदलते आणि भिंत आखूड करते. दोन्ही चाकांच्या उंचीचा हिशेब केला तर एक ६२० मिलिमीटर भरते, दुसरे ६२१. हा हिशेब घालण्यासाठी कुणीतरी पगार घेत असते. पार्किंगमध्ये त्यातला फक्त १८५ हा आकडा ऐकू येतो, आणि बऱ्याचदा तोही १९५ होऊन बाहेर पडतो.

आता रिमचे. प्रत्येक टायर किती रुंद रिमवर बसवायचा, याची मर्यादा टायर बनवणारे छापून देतात. १६५ चा टायर साधारण ४ ते ५.५ इंची रिमसाठी असतो. १९५/७० आर १४ ला किमान ५ इंच लागतात आणि तो मोजला जातो ६ इंची रिमवर. म्हणजे छोट्या गाडीच्या पाच इंची डिस्कवर तो बसतो, नाही असे नाही. तंग विजारीवरून सुटलेल्या पोटासारखा बसतो. कडा आत खेचल्या जातात, भिंती बाहेर फुगतात. मग वळणावर स्टिअरिंग फिरवले की आधी रिम वळते, मग फुगलेली भिंत लवते आणि त्यानंतर कुठे रस्त्याला बातमी पोचते. बातमी पोचेपर्यंत वरंधा घाटातले वळण संपलेले असते.

"पण रबर जास्त टेकतं ना?" हा प्रश्न ठरलेला. साधारण उत्तर असे, की टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः त्याच्यावरचे वजन आणि आतली हवा ठरवते. चाकावर सव्वादोनशे किलो आणि आत तीस पौंड हवा असेल, तर शंभरएक चौरस सेंटीमीटर. टायर रुंद केला की हा ठसा आडवा वाढतो आणि लांबीला तेवढाच आटतो. आडवा ठसा कोरड्या रस्त्यावर वळताना थोडा कामाला येतो, हे मान्य केले पाहिजे. अट एवढीच की त्याला आधार द्यायला रिमही रुंद हवी. नेमकी तीच बदललेली नसते.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. टायरखालचे पाणी हटले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. किती वेगाला तरंगेल, याचे एक ढोबळ सूत्र नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी साठच्या दशकात विमानांच्या चाकांवरून काढले. तीस पौंड हवेला ते ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास येते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मर्यादा आहे शंभरची. सूत्रात हवेचा दाब आहे, रुंदी नाही. टायर रुंद असला की हटवायचे पाणीही वाढते, हे वेगळे. एवढे करून हवा तपासायला महिनोन् महिने कुणी जात नाही, कारण हवा बाहेरून दिसत नाही. रुंदी दिसते.

रुंदीचे फायदे होतात, पण खर्चासकट. 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये एका गोल्फ गाडीला १५ पासून १९ इंचांपर्यंत चाके लावून पाहिली. टायरबरोबर रिमही रुंद होत गेल्या. पकड वाढली. मायलेज मात्र सुमारे दहा टक्क्यांनी उतरले आणि गाडी वेग घ्यायलाही मंदावली. फॉर्म्युला वनने २०१७ मध्ये पुढचे टायर २४५ वरून ३०५ मिलिमीटर केले, मागचे ३२५ वरून ४०५. रिम अर्थातच नव्या. २०२६ च्या नियमांनी तेच टायर पुन्हा थोडे अरुंद केले. टोयोटाने तर २०१२ च्या जीटी ८६ या स्पोर्ट्स कारला मुद्दाम २१५ चे, आपल्याच प्रियस गाडीच्या जातीचे टायर दिले, गाडी घसरावी आणि चालवणाऱ्याला मजा यावी म्हणून! ही गाडी आपल्या पार्किंगमध्ये उभी असती तर संध्याकाळपर्यंत तिचे टायर बदलले गेले असते.

तरीही रुंद टायर टाकलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो की गाडी सुधारली. तो खोटे बोलत नाही. उतरवलेल्या टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकली होती, रबर कडक झाले होते. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर नक्षी आहे आणि रबर मऊ आहे. जुन्याच मापाचे नवे टायर टाकले असते तरी गाडी अशीच चिकटली असती, पण मग शेजाऱ्याला दाखवायला काय उरले असते?

नव्याची नवलाई दोनेक महिने टिकते. मग स्टिअरिंग जड वाटू लागते, पूर्ण वळवले की मडगार्डच्या आत काहीतरी घासते, पेट्रोलपंपाच्या फेऱ्या वाढतात. साहेब तक्रार घेऊन पुन्हा दुकानात जातात. टायरवाला खाली वाकून बघतो, फुगलेल्या भिंतीवर हात फिरवतो आणि गंभीर होतो. "डिस्क अरुंद पडतेय, साहेब. याला अलॉयच टाकावे लागतील. तुम्ही घरचे आहात, अलाइनमेंट फुकट करून देतो."