घोटाभर पाण्याचे आजोबा

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एक आजोबा कामाला लागतात. एरवी त्यांचा वेळ पार्किंगमध्ये पाट्या लावण्यात जातो. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला सुती टोपी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात शिट्टी. कुणी पोराने वॉटरपार्कचं नाव काढलं, की हे म्हणणार, "पैसे देऊन भिजायचं? अरे, आपल्याकडे चार धरणं आहेत!" त्या 'आपल्याकडे'वर एवढा जोर, की आता पिशवीतून सातबारा काढतात की काय! पोरांच्या आईबापांना रविवारी झोपायचं असतं. वॉटरपार्क तिथल्या तिथे रद्द होतं.

पहिली सहल सारसबागेत. आईने चड्डीच्या आत पोहण्याची चड्डी घालून पाठवलेलं पोर हिरवळीवर उभं राहून विचारतं, "ओ आजोबा, पाणी कुठंय?"

"तू उभा आहेस तिथंच! नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं तळं होतं इथं. गणपती मधल्या बेटावर. तुझ्या डोक्यावरून होड्या जायच्या."

सगळी पोरं वर बघतात. मग देवळाभोवतीच्या कुंडातली कमळं आणि मासे बघून, हात न घालता, परत.

दुसरी सहल शनिवारवाड्यात, हजारी कारंज्यापाशी. लहानग्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी ते बांधलं असं सांगतात. नाव हजारी, तोट्या दोनशेच्याही आत. आजोबांचा जीव मात्र कारंज्यापेक्षा त्याच्या पाण्यात. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरातल्या हौदांपर्यंत यायचं, नुसत्या उतारावर. "पंप नाही, मोटर नाही, विजेचं बिल नाही!" बिलाचं वाक्य ते दोनदा म्हणतात. कारंजं कोरडं आहे, एवढंच पोरांच्या लक्षात राहतं.

माझं मत विचाराल तर या माणसाला पाण्यापेक्षा पाण्याचा हिशोब प्रिय. पण तिसरी सहल खडकवासला धरणाची असते आणि तिथे ते खरे खुलतात. उन्हं चढायच्या आत पोचायचं म्हणून भल्या सकाळी पीएमपीची बस. पिशवीत पन्ह्याची बाटली, दशम्या, दाण्याची चटणी, पंचा, आणि कुणाला लागलं तर हळद. काठावर पोचल्यावर शिट्टी वाजते आणि नियम जाहीर होतो : पाणी घोट्यापर्यंत. त्याच्या पुढे ज्याचं पाऊल जाईल, त्याचं भाजलेलं कणीस रद्द.

या नियमावर तरुण आया हसतात. मी हसत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा हे आजोबा शाळकरी पोर होते. त्या वयाच्या प्रत्येक पुणेकराच्या वाड्यात पाणी नेमकं त्याच्या दाराच्या आधीच्या पायरीपर्यंत आलेलं असतं, हे सोडून द्या. पण पाण्याशी सलगी कुठपर्यंत करायची हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही. धरणाचा तळ कुठे एकदम खोल जाईल, कुठे चिखलात पाय रुतेल, हे काठावरून दिसत नाही. पोहायला उतरलेली धडधाकट कॉलेजची मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. शिवाय हे पाणी शहर पितं. बाकी कुठल्याही विषयावर या आजोबांशी वाद घाला. इथे घालू नका.

वाद घालतात ती पोरंच. एकदा असंच व्याख्यान चालू होतं. खडकवासला दोन टीएमसीच्याही आतलं, वरसगाव पावणेतेरा, पानशेत साडेदहा, टेमघर पावणेचार. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "टीएमसी म्हणजे किती बादल्या?"

असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. तिथेच खड्याने ओल्या मातीवर गणित मांडलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. वीस लिटरची बादली धरली तर 141 कोटी बादल्या. "म्हणजे भारतातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकेक अंघोळ!" आजोबा गहिवरलेच.

"मग मी माझी एक बादली आत्ता घेतली तर काय कमी होणारे?"

आजोबांनी शिट्टी तोंडात घातली, काढली. पुन्हा घातली. शेवटी पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढून तिच्या डोक्यावर उपडी केली. धरणाला हात लावला नाही. मग बाकीच्यांनी रांग लावली, बाटली संपली, आणि आजोबांना परतीच्या बसमध्ये तहान भागवायला पन्हं प्यावं लागलं. पुढच्या रविवारी त्यांच्या पिशवीत एकाऐवजी चार बाटल्या होत्या आणि पोरं दुप्पट. वॉटरपार्कचं नाव त्या सुट्टीत पुन्हा निघालं नाही.

असे आजोबा तुमच्या इमारतीत असतील तर पोरं खुशाल सोपवा. टॉवेलवर नाव घालून द्या, नाहीतर तो सोसायटीच्या मालकीचा होतो. गुरुवारी मात्र पाठवू नका. घोट्यापर्यंत चिखल घेऊन पोरं घरी येतात आणि दुरुस्तीसाठी नळाचं पाणी बंद ठेवायचं असलं, की महापालिका बहुतेक वेळा गुरुवारच धरते.