सगळेच अ‍ॅडमिन

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत शिरण्यापेक्षा मंत्रालयाचा पास काढणं सोपं. गेटवर नाव, फ्लॅट, मोबाइल, गाडीचा नंबर, वर वॉचमन फोटो काढणार. ही सगळी माहिती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जमा होते आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. ‘मॅनेजर रजेवर गेला तर?’ ही सेक्रेटरींची दूरदृष्टी.

मशीन विंडोज १० वर चालतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा कमिटीत समाधानच पसरलं. आता मेंटेनन्सची पावती फाडताना मधेच रिस्टार्ट मागणार नाही!

परवाच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं. म्हटलं, मॅनेजर, हिशेबनीस, गणपतीची वर्गणी टाइप करणारी पोरं, सगळेच अ‍ॅडमिन कशाला? रोजच्या कामाला साधं खातं द्या. बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. आतली डिस्क एन्क्रिप्ट करा.

‘साधं खातं म्हणजे? कमिटी मेंबरला?’ अध्यक्ष दुखावले. खजिनदारांना एन्क्रिप्शन मात्र मनापासून पटलं. यापुढे हिशेब कुणालाच दिसणार नाही, एवढं त्यांनी त्यातून घेतलं.

मग मी न्हावा शेवा काढलं. लांबचं नाही, आपल्याच खाडीपलीकडचं बंदर. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ने जगभर धुमाकूळ घातला आणि तिथल्या जेएनपीटीतलं मेर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीला पुढे ४५ हजार पीसी नव्याने उभे करावे लागले. हा व्हायरस शिरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून.

‘बघा! अपडेटमुळेच!’ सेक्रेटरी उभेच राहिले.

अहो, पुढचं ऐका. तो पसरला ते विंडोजमधल्या भोकातून. त्याचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, पण कित्येकांनी लावलंच नव्हतं. शिवाय मशीनच्या मेमरीतून तो अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलायचा, म्हणजे असा एक पासवर्ड हाती लागला की ठिगळ लावलेली मशीनंही जायची. पण पहिलं वाक्य मिनिट्समध्ये गेलं होतं आणि दुसऱ्यापर्यंत चहा आला.

शेवटचा उपाय म्हणून घानाची गोष्ट सांगितली. ती सांगायला नको होती. कोणाला कुठवर मुभा, याची नोंद ठेवणारे मेर्स्कचे सर्व्हर जगभर पुसले गेले. वाचला एकच, घानातला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

सभागृहात शांतता. मग अध्यक्षांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत सुरक्षेचा एवढा स्वस्त उपाय कुणी सुचवला नव्हता. जनरेटरची दुरुस्ती पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मिनिट्समध्ये तो ‘सायबर सुरक्षा’ या मथळ्याखाली नोंदवला आहे, सूचक म्हणून माझं नाव आहे.