दगड तापविण्याविषयी सूचना (फक्त सीमाभागासाठी)

प्रथम दगड मिळवावा. पिझ्झा स्टोन म्हणून जो विकतात तो बहुधा कॉर्डिएराइटचा असतो, म्हणजे भट्टीत भाजून काढलेला. तापला-निवला तरी तो सहसा तडकत नाही. आमच्याकडे तो कुरिअरने आला तेव्हा अज्जी दारातच म्हणाली, "ह्ये काय आणलास रे? पाट्याला टाकी लावायची राहिली हाय, त्यात ह्यो नवा दगुड कशाला?" या प्रश्नाला कोणत्याही पुस्तिकेत उत्तर नाही.

पैसे वाचवायचे म्हणून घर बांधताना उरलेली शहाबादी फरशी वापरू नये. हा अनुभव आहे. दगड विकत घेण्याआधी मी फरशी घासून, धुऊन लगेच ओव्हनमध्ये ठेवली होती. शहाबादी चुनखडीची, थराथरांची. थरांत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि फटाका वाजला. तारीख १ नोव्हेंबर. आमच्या गावात त्या दिवशी एक गट राज्योत्सव करतो, दुसरा काळा दिवस पाळतो. आवाज कोणत्या बाजूचा, याची चौकशी करायला शेजारचे दोघे आले, एक मराठीतून आणि एक कन्नडमधून. दोघांनाही चहा द्यावा लागला.

आता मुख्य कृती. दगड थंड ओव्हनमध्येच ठेवावा, मग ओव्हन २५० अंशांवर लावून पाऊण तास वाट पाहावी. ओव्हनची हवा दहा-पंधरा मिनिटांत तापते, दगड नाही. लोक इथे घाई करतात आणि वरून चीज जळालेला, खालून ओली कणीक असलेला पदार्थ खातात. सीमाभागाला मात्र हे जड जाऊ नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण थांबलेलो आहोत, सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; पाऊण तास म्हणजे काय? नेपल्सच्या लाकडी भट्टीत घुमटाखाली ४८५ अंशांच्या आसपास आच असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत होतो. आपल्याला आठ-दहा मिनिटे लागतात.

पीठ थापून खाली बारीक रवा भुरभुरावा आणि पाठीमागच्या बाजूने सपाट असलेल्या ताटावरून एका झटक्यात दगडावर सरकवावे. हा झटका पुस्तकातून येत नाही. आमच्या मामींना तो पहिल्याच दिवशी आला, कारण त्या मांडे करतात. पुरण भरलेली कणीक हातांवर फिरवत रुमालाएवढी पातळ करायची, उपड्या तापलेल्या खापरावर टाकायची आणि गरम असतानाच घडी घालायची, हे ज्यांना जमतं त्यांना इटलीचं कौतुक कशाला? मामींनी दगड पाहून एवढंच विचारलं, "ह्यो उपडा का नाही?" खरं तर खापर आणि हा दगड एकाच कामाचे: उष्णता साठवायची आणि पिठातली ओल ओढून घ्यायची. मातीचं म्हणाल तर खानापूर काही लांब नाही. तिथे कुंभारकामाची केंद्रीय संस्थाच आहे.

दगडाला साबण लावू नये, तो सच्छिद्र असल्यामुळे पुढचे चार पिझ्झे लिंबाच्या वासाचे होतात. डाग पडतील ते पडू द्यावेत.

कापण्याविषयी. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव कर्नाटकात, असा निवाडा दिला. तो अमलात आला नाही, म्हणून पिझ्झाही आयोगाच्या पद्धतीने कापू नये. निपाणीहून आलेले पाहुणे असतील तर त्यांना आधी द्यावं. त्यांना सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत परत जायचं नसतं, पण जायचंय असं सांगतात.

फुटलेल्या शहाबादीचे दोन मोठे तुकडे परड्यात तुळशीपाशी आहेत. कुणाला पायरीसाठी हवे असतील तर घेऊन जावेत, पोतं आपलं आणावं.