आज्ञाधारक सर्व्हर

मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्याचं निम्मं आयुष्य सर्व्हरकडे काहीतरी मागण्यात जातं आणि उरलेलं निम्मं, ते का मिळालं नाही याची कारणं देण्यात. वापरणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं की वीजबिल भरलं. प्रत्यक्षात मागणी वाटेत अडकते, पोचली तर नाकारली जाते, आणि मान्य झालीच तर उत्तर परतीच्या वाटेवर गहाळ होतं. यातला प्रत्येक घोटाळा अ‍ॅपने निमूटपणे सांभाळायचा असतो.

सांभाळतं की नाही हे बघायचं कसं? कारण नेटवर्क जायला हवं तेव्हा जात नाही. डेक्कन क्वीन घाटातल्या बोगद्यात शिरली की ग्राहकाचं पेमेंट हमखास लटकतं. तेच बघायला आपण मुद्दाम फोन घेऊन निघावं, तर भर बोगद्यात रेंजच्या काड्या ताठ उभ्या! आमच्या ऑफिसने यावर लिफ्टचा तोडगा काढला होता. टेस्टर मॅडम दोन्ही हातांत फोन घेऊन लिफ्टमध्ये शिरायच्या, दार मिटता मिटता 'पे' दाबायच्या आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरून निकाल सांगायच्या. वॉचमन काकांनी शेवटी विचारलंच, "मॅडम, कुठला मजला शोधताय?"

"नेटवर्क नसलेला."

"मग आमच्या चौकीत बसा की! बायकोचा फोन घ्यायला मला गेटबाहेर जावं लागतं."

ही लिफ्टवारी थांबवली ती नेटवर्कचं काम करणाऱ्या तयार लायब्ररीने. अँड्रॉइडवर आधी सगळा हाताने स्वयंपाक होता. त्यातच २०११च्या हनीकोंबपासून गूगलने दटावलं, की मुख्य थ्रेडवर नेटवर्कचं काम केलंत तर अ‍ॅप तिथल्या तिथे पाडू. मग जो तो आपापल्या परीने ते काम पडद्याआड ढकलू लागला. २०१३ साली गूगलने त्यासाठी व्हॉली ही लायब्ररी आणली. त्याच वर्षी स्क्वेअर या अमेरिकी पेमेंट कंपनीच्या रेट्रोफिटची पहिली आवृत्ती आली आणि त्याच कंपनीच्या ओकेएचटीटीपी या लायब्ररीला अँड्रॉइड ४.४ने थेट आपल्या पोटात जागा दिली.

रेट्रोफिटचा इंटरफेस म्हणजे लग्नपत्रिका. कोणाकडे, कुठल्या पत्त्यावर आणि काय, एवढंच त्यात लिहायचं. जिलब्या कोण तळणार याचा उल्लेख नाही. तळणाऱ्याचं नाव नसल्यामुळेच टेस्टच्या दिवशी आचारी गुपचूप बदलता येतो. अंगानेही ही मंडळी आटोपशीर. अँड्रॉइडच्या एका डेक्स फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त मेथड मावत नाहीत, त्यामुळे चार ओळींच्या कामासाठी आणलेली लायब्ररी आपला सगळा गोतावळा घेऊन उतरली की पोटात गोळा येतो.

पण माझा जीव जडला तो ओकेएचटीटीपीसोबत येणाऱ्या मॉकवेबसर्व्हरवर. हा आपल्याच मशीनवर उभा राहणारा खोटा सर्व्हर. त्याच्यापुढे उत्तरांची रांग लावून ठेवायची, तो सांगितल्या क्रमाने एकेक देतो. ५०० हा बिघाडाचा कोड दे म्हटलं की ५००. डोकं आधी पाठव, धड सावकाश येऊ दे, म्हटलं की तसं. दर सेकंदाला एक किलोबाइटच सोड, असं सांगितलं तर गावाकडच्या पावसाळी नेटवर्कची हुबेहूब नक्कल. हॉटेलच्या वायफायसारखं वाग म्हटलं, तर २०० म्हणजे 'सगळं ठीक' असा राजरोस शिक्का मारून डेटाऐवजी लॉगिनचं पान हातात ठेवतो, आणि जेसनची वाट बघणारं आपलं अ‍ॅप पहिल्याच अक्षराला गडबडतं.

त्याचा सगळ्यात गुणी खेळ म्हणजे मागणी पूर्ण ऐकून घ्यायची आणि उत्तर न देता कनेक्शन तोडायचं. खऱ्या जगात इथेच पैसे दोनदा कापले जातात. सर्व्हरने काम केलेलं असतं, अ‍ॅपला ते कळलेलं नसतं, आणि भाबडं अ‍ॅप पुन्हा मागतं. टेस्टच्या शेवटी खोट्या सर्व्हरला विचारायचं, "बाबा रे, तुझ्याकडे किती मागण्या आल्या?" तो 'दोन' म्हणाला की टेस्ट लाल. बोगदा नको, लिफ्ट नको. सगळी तपासणी डोळ्याचं पातं लवायच्या आत. आयफोनवाल्यांनी हिणवू नये म्हणून सांगतो, त्यांच्याकडेही यूआरएलप्रोटोकॉल वापरून असंच मधल्यामधे खोटं उत्तर देता येतं.

ऑफिसात सांगितलेलं पहिल्या फटक्यात ऐकणारा आमचा हा एकमेव सहकारी. खऱ्या सर्व्हरच्या टीमला काही विचारा, एकच उत्तर: "आमच्याकडे चालतंय." त्यामुळे परवा साहेबांनी अचानक डेमो मागितला आणि खरा सर्व्हर नेमका 'आमच्याकडे चालत' होता, तेव्हा टेस्टर मॅडमनी शांतपणे अ‍ॅप खोट्या सर्व्हरला जोडलं. बिल क्षणात भरलं. पावती आली. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"इतका फास्ट सर्व्हर आहे आपल्याकडे? मग कस्टमर ओरडतात कशाला?"

"सर, हा खोटा आहे," मी म्हणालो.

"खर्च किती याचा?"

"फुकट आहे, सर."

"मग खऱ्यावर आपण महिन्याला एवढे पैसे का घालतोय?"

या प्रश्नाला ५०० द्यावा की ४०४, ते सुचेना. इंटरनेटच्या जाणत्यांनी १ एप्रिल १९९८ रोजी गंमत म्हणून एक कोड काढला होता, ४१८: मी चहाची किटली आहे, माझ्याकडे कॉफी मागू नका. मला तोच लागू पडला.

"सर," मी म्हणालो, "आधी चहा घेऊ या."