दाढेचा सीमाप्रश्न

निपाणीतल्या माणसाची दाढ दुखायला लागली की पहिला प्रश्न दाढेचा नसतो, दिशेचा असतो. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरेक. एकीकडे कोगनोळीचा नाका, दुसरीकडे तवंदीचा घाट. आमच्या घरात या प्रश्नावर १९५६ पासून एकमत नाही. माझे डोळे कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे, हिचे गुडघे बेळगावकडे. माझी डावी दाढ तेवढी अजून कुणाच्या ताब्यात गेली नव्हती.

सुरुवात करदंटाने झाली. पाहुण्यांनी गोकाकहून आणला होता. कन्नडात अंटु म्हणजे डिंक. तळलेल्या डिंकाचा तो करदंट. आम्हा मराठी माणसांना मात्र त्यात ‘दंत’ ऐकू येतो. दुसऱ्याच घासाला डावीकडे कट्ट झालं. दाढेतल्या जुन्या सिमेंटचा कोपरा निघाला होता. मी तो बदामाचा तुकडा समजून गिळला.

पहिले पंधरा दिवस गार पाणी लागलं की सणक यायची आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत जायची. याला आमच्याकडे दुखणं म्हणत नाहीत. तेव्हाच गेलो असतो तर नवं सिमेंट भरून बहुधा भागलं असतं, हे मला पुढे कळलं. पण जी गोष्ट वेळेवर मिटवता येते ती वेळेवर मिटवायची, अशी आमच्या भागाची परंपरा नाही.

मग दाढेचा स्वभाव बदलला. गार पाण्याचा घोट घेतला की अख्खा अग्रलेख वाचून व्हायचा तरी ठणका चालूच. आठवड्याभरात गरम चहाशीही भांडण झालं. आणि गंमत बघा, ज्या गार पाण्याने हे सगळं सुरू केलं त्यानेच आता आराम पडू लागला. अशा युत्या मी नगरपालिकेत पाहिल्या होत्या, तोंडात पहिल्यांदाच.

रात्र तर विचारू नका. बसलं तर बरं, आडवं झालं की ठणका दुप्पट. कान, कानशील, जबडा, कोण कुणासाठी दुखतंय तेच कळेना. अशा वेळी नुसत्या मराठी शिव्या पुरत नाहीत. पु. लं.चे रावसाहेब बेळगावचेच का असावेत, ते मला त्या रात्री उमगलं. दोन वाजता फ्रिजच्या पाण्याची चूळ तोंडात धरून, गाल फुगवून मी अंगणात फेऱ्या मारत होतो. शेजारचे कन्नड मास्तर खिडकीतून म्हणाले, “एनात री सर?” बोलायचं तर पाणी गिळावं लागलं असतं. मी नुसते हात जोडले. सकाळी गल्लीत बातमी होती की मी मौनव्रत धरलंय.

व्रत म्हटल्यावर लोक दर्शनाला आले आणि उपाय सांगून गेले. समोरच्या मावशींनी मिश्रीची डबी पुढे केली. “दाब की जरा, लगेच बधिर हुतंय.” तंबाखूवर मोठ्या झालेल्या या गावात दाढ दुखली आणि कुणी मिश्री सुचवली नाही, तर आपण झोपेत भलत्याच स्टँडवर उतरलो असं समजावं. एका आजोबांनी रिंगणीच्या बियांचा धूर घ्यायला सांगितलं, म्हणजे कीड गळून पडते. दाढेत तसली कीड नसतेच, पण हे आजोबांना सांगणार कोण? त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणजे अनुभव दांडगा. लवंग दाबल्यावर तासभर बरं वाटलं. मग कुणीतरी म्हणालं, दुखण्याची गोळी न गिळता दाढेशेजारी दाबून ठेवा. ठेवली. हिरडी भाजून पांढरी पडली. आता ठणक्याला आगीची जोड मिळाली.

आणि मग एके दिवशी पहाटे तीनला सगळं थांबलं. एकदम. मी हिला उठवून सांगितलं, “मिटलं बघ.”

ही कूस बदलत म्हणाली, “अहो, खटला मिटला की वादी मेला, ते बघा आधी.”

वादीच मेला होता. आठ दिवसांनी हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी आली. दाढ बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटू लागली आणि मऊ आमटीभात चावतानाही डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी बेळगाव ठरलं. तिथे दातांची दोन कॉलेजं आहेत, शिवाय हिच्या गुडघ्यांची तारीख होतीच.

खुर्चीशेजारची डॉक्टर माझ्या धाकट्या भाचीएवढी. “बायी तेगीरी,” म्हणाली, मग माझा चेहरा बघून, “तोंड उघडा काका.” मी गोकाकपासून इतिहास सुरू केला, तर तिला तो नकोच. तिचे प्रश्न भलतेच. गार लागल्यावर किती वेळ दुखायचं? गरम चालायचं का? झोपेतून जाग यायची का? काही न खाता आपोआप ठणकायची का? मी सगळ्याला मान डोलावत गेलो आणि ती लिहीत गेली.

“कुठली दाढ?”

“वरची,” मी ठामपणे म्हणालो.

तिने आरशाच्या दांड्याने एकेका दाढेवर टिचकी मारली. वरच्या सगळ्या शांत. खालच्या एकीवर मारली आणि मी खुर्चीसकट तवंदीचा घाट चढलो. दोन्ही जबड्यांच्या नसा पुढे एकाच मोठ्या नसेला मिळतात, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो, वरचं खालचं करतो, असं ती म्हणाली. पण डाव्याचं दुखणं सहसा मधली रेघ ओलांडून उजवीकडे जात नाही.

“म्हणजे सीमा पाळते!” मी म्हणालो. ती हसली नाही. तिच्या जन्माआधीची भांडणं ही.

मग तिने बर्फासारखा गार बोळा शेजारच्या दाढेला लावला. मी उडालो. या दाढेला लावला. ढिम्म. मला आनंद झाला, तिला झाला नाही. दाढेच्या आत मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. बाकी अंगाला सूज आली तर फुगायला जागा असते. इथे चारी बाजूंनी टणक भिंती. गर आतल्या आत कोंडतो, आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त वाढलं की आणखी ठणकतो, आणि शेवटी मरतो. मेला की शांतता. मग सडका माल मुळातून हाडाकडे उतरतो. पुळी ती त्याची मोरी. आत रक्तच पोचत नाही म्हटल्यावर नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काय करणार? एकतर दाढ काढा, नाहीतर रूट कॅनल. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर एक रात्रही घरी काढायची नाही, हे तिने दोनदा बजावलं.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली होती. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आमच्याकडे अजून मान्य नाही. हा मी पाच मिनिटांत मान्य केला.

तीन खेपा झाल्या. इंजेक्शननंतर दुखलं म्हणावं तर तेवढं निपाणी ते बेळगाव बसमध्ये, संकेश्वरच्या अलीकडच्या एका खड्ड्यात. मुळात तीन नळ्या सापडल्या. बारीक कानशींनी घासून, धुऊन त्यांत गटापर्चा भरला. हा मलायातल्या झाडाचा चीक. १८५१ साली इंग्लिश खाडीच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली तिला याचंच वेष्टण होतं. म्हणजे माझ्या दाढेत आता तारखात्याचं सामान आहे. संदेश मात्र जात नाही, हेच तिचं काम.

राहिली टोपी. रूट कॅनल केलेली दाढ ठिसूळ राहते, करदंटाच्या नादात दुभंगेल, म्हणून वर कॅप बसवायची. तेवढ्यात कोल्हापूरहून थोरल्या भावाचा फोन. “काय रे, घर सोडून बेळगावला? आम्ही काय मेलो होतो?” त्याचा राग घालवायला मी म्हणालो, कॅप कोल्हापुरात बसवतो. मूळ कर्नाटकात, टोपी महाराष्ट्रात. इतका न्याय्य तोडगा अजून कुणी काढला नसेल.

ही गुडघ्याला तेल लावत ऐकत होती. म्हणाली, “बसवा की. पण निखळली तर दाद कुठं मागणार? सीमेची केस २००४ पासून दिल्लीत हाय. तुमची दाढ तिच्या मागं नंबर लावणार काय?”